दोन लिटरात चारशे हॉर्सपॉवर : नव्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची अफवा तोलायची कशी?

टोयोटा दोन लिटरचं, चार सिलिंडरचं नवं टर्बो इंजिन बनवतेय. ते सीटच्या मागे बसवलेली एक छोटी स्पोर्ट्स कार येणार, तिचं नाव एमआर२ असणार किंवा सेलिका (दोन्ही टोयोटाच्याच जुन्या गाड्यांची नावं), आणि ताकद चारशे हॉर्सपॉवर. शर्यतीच्या गाडीत तर सहाशे! ही बातमी वेगवेगळ्या रूपांत सारखी फिरत असते. चिपळूणच्या गॅरेजात काम करणाऱ्या पोरापासून मुंबईहून गणपतीला गावी आलेल्या गाडीवेड्या भाच्यापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : हे खरं असू शकतं का?

मासळी बाजारात ‘ताजा फडफडीत’ या ओरडण्यावर कोणी सरंगा विकत घेत नाही. कल्ला उघडून लाल आहे का ते बघतो, अंगठ्याने पाठ दाबतो, मग भाव करतो. इंजिनाच्या अफवेचाही कल्ला उघडता येतो. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही, सातवीचं त्रैराशिक पुरतं.

यातलं पक्कं काय, हवेतलं काय?

पक्कं आहे ते आधी बघू. मे २०२४ मध्ये टोयोटा, सुबारू आणि माझदा या तीन जपानी कंपन्यांनी एकत्र येऊन सांगितलं की, विजेच्या गाड्यांच्या काळातही आम्ही नवी पेट्रोल इंजिनं बनवणार आहोत. टोयोटाने तेव्हा दीड लिटरचं आणि दोन लिटरचं अशी नवी इंजिनं दाखवली. दीड लिटरचं इंजिन जुन्यापेक्षा उंचीला आणि आकाराला सुमारे १० टक्के लहान होतं. मग जानेवारी २०२५ मध्ये टोकियोच्या ऑटो सलॉन प्रदर्शनात टोयोटाने ‘जीआर यारिस एम’ नावाची प्रयोगाची गाडी मांडली. यारिस ही टोयोटाची छोटी गाडी. नेहमीच्या यारिसचं इंजिन पुढे असतं, या गाडीत ते सीटच्या मागे होतं आणि त्याचं नाव होतं जी२०ई. जी म्हणजे इंजिनाचं घराणं, २० म्हणजे दोन लिटर. पुढे ही गाडी जपानच्या सुपर ताइक्यू या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवली गेली. विकायला न काढलेल्या, प्रयोगातल्या गाड्यांसाठी त्या शर्यतीत वेगळा गटच आहे, त्यामुळे कंपन्या आपलं इंजिन तिथे चारचौघांत तापवून बघतात.

म्हणजे इंजिन खरं आहे. ते कोणत्या गाडीत, कधी, किती ताकदीने येणार, हा भाग अफवेचा.

इथे पुराव्याची प्रत ओळखता आली पाहिजे. संगणकावर रंगवलेलं ‘नव्या एमआर२चं’ चित्र हा पुरावाच नव्हे, ती चित्रकाराची हौस. पेटंटचा अर्ज त्याहून बरा, पण कंपन्या वापरात न येणाऱ्या कल्पनांचीही पेटंटं घेतात आणि अर्ज साधारण अठरा महिन्यांनी उघड होतो. ‘आजच पेटंट सापडलं’ याचा अर्थ कल्पना दीड वर्ष जुनी. गाडीचं नाव राखून ठेवायचा अर्ज तर बहुतेकदा दुसऱ्या कोणी ते घेऊ नये एवढ्यासाठीच असतो. नक्षीदार कागद चिकटवून रस्त्यावर चाचणीला काढलेली गाडी हा वजनदार पुरावा, कारण अशी एकेक गाडी हाताने जुळवावी लागते आणि तिला भरपूर पैसा लागतो. सरकारी मंजुरीचे कागद आले की मग मात्र विषय जवळजवळ संपला.

इंजिन म्हणजे आधी हवेचा पंप

दोन लिटरचं इंजिन म्हणजे चारही सिलिंडरांमध्ये मिळून दोन लिटर जागा. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या डोळ्यांसमोर आणा. एकेक पिशवी म्हणजे एकेक सिलिंडर. पिस्टन खाली जाताना तेवढी हवा आत ओढतो, तिच्यात पेट्रोल मिसळतं, ठिणगी पडते आणि स्फोट पिस्टनला खाली रेटतो.

पेट्रोल जास्त ओतून ताकद वाढत नाही. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल गाडीतल्या पंपाने हवं तेवढं देता येतं, अडचण हवेची. हे इंजिन ७००० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला सात हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदा दोन लिटर हवा घेतं. हिशेब केला तर मिनिटाला सात हजार लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या, दर मिनिटाला. ताकद वाढवायची म्हणजे हवा वाढवायची, आणि त्याला तीनच वाटा : इंजिन मोठं करा, जास्त जोरात फिरवा, किंवा हवा कोंबून भरा, टर्बो हेच करतो.

आणखी एक शब्द लागेल, टॉर्क. इंजिनाच्या दांड्याला मिळणारा पीळ म्हणजे टॉर्क. विहिरीचा रहाट फिरवताना हाताला लागणारा जोर हा टॉर्क, आणि त्या जोराने मिनिटाला किती फेऱ्या मारता त्यावरून ठरते ती हॉर्सपॉवर. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये मोजतात. लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे : ७००० आरपीएमला हॉर्सपॉवरचा आकडा आणि न्यूटन मीटरचा आकडा जवळजवळ सारखाच येतो. त्याहून कमी आरपीएमला तेवढीच ताकद हवी असेल तर टॉर्क जास्त लागतो.

आता त्रैराशिक मांडू

आधी टर्बो नसलेलं, नावाजलेलं इंजिन घ्या. १९९९ साली आलेली होंडाची एस२०००. दोन लिटर, ८३०० आरपीएमला २५० हॉर्सपॉवर. त्या वेगाला टॉर्क निघतो सुमारे २११ न्यूटन मीटर, म्हणजे लिटरमागे १०५च्या आसपास. आपणहून श्वास घेणाऱ्या रस्त्यावरच्या इंजिनाची मर्यादा साधारण इथेच आहे.

चारशे हॉर्सपॉवर ७००० आरपीएमला काढायची तर टॉर्क हवा ४००, लिटरमागे २००. एस२०००च्या जवळपास दुप्पट. म्हणजे त्याच पिशवीत दुप्पट हवा भरायची. टर्बोशिवाय ते होणार नाही, आणि बातमी टर्बोचीच आहे. इथवर हिशेब जुळतो.

पण कोणी हे करून दाखवलंय का? सध्याच्या जीआर यारिसचं, म्हणजे यारिसच्या स्पोर्ट्स आवृत्तीचं, तीन सिलिंडरचं इंजिन १६१८ सीसीचं आहे आणि त्याच्या नव्या आवृत्तीत ते ३०४ हॉर्सपॉवर देतं. १६१८ सीसीला ३०४, तर २००० सीसीला किती? ३७५च्या वर. टोयोटाच्याच घरात, दुकानात विकल्या जाणाऱ्या गाडीत हे गणित सुटलेलं आहे. चारशे म्हणजे त्यापुढे फक्त एक पाऊल. मर्सिडीज-एएमजीने २०१९ मध्येच दोन लिटरच्या चार सिलिंडरमधून ४२१ हॉर्सपॉवर काढून दाखवली, ६७५० आरपीएमला. चारशेचा कल्ला लाल आहे.

सहाशेचं मात्र तसं नाही. त्याला लिटरमागे ३०० न्यूटन मीटर लागतील, तेही वरच्या आरपीएमला. एएमजीचं इंजिन कमाल ताकदीच्या ठिकाणी लिटरमागे २२०च्या आत आहे. शर्यतीत हे जमतं, कारण तिथे इंजिन काही तासांनी उघडतात, इंधन वेगळं असतं आणि पाच वर्षांची वॉरंटी कोणी मागत नाही. सहाशेचा आकडा आला की तो शर्यतीचा आहे असंच धरा. दुकानातल्या गाडीला कोणी तो चिकटवला तर ती बातमी बाजूला ठेवावी.

टर्बो म्हणजे चुलीची फुंकणी, पण धुरानेच चालणारी

चूल मंदावली की फुंकणीने हवा मारतात. लाकडं तेवढीच, जाळ दुप्पट. टर्बो तेच करतो, फक्त वाढलेल्या हवेला पेट्रोलही वाढवावं लागतं. फुंकायला लागणारा दम मात्र तो इंजिनाच्या धुरातून घेतो. सायलेन्सरकडे निघालेला ९०० ते १००० अंश तापलेला धूर एका लहान पंख्यावर आदळतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. दांडा बोटाएवढा, पण मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेऱ्या मारू शकतो, आणि फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर. हा तेलाचा थर लक्षात असू द्या, तो पुढे लागणार आहे.

खरी डोकेदुखी उष्णतेची आहे. सायकलच्या पंपाने टायर भरला की पंपाचं खालचं टोक चटका देतं. हवा दाबली की तापतेच. रत्नागिरीच्या ३२ अंशांच्या दुपारी बाहेरची हवा सव्वादोनपट दाबली तर टर्बोच्या तोंडाशी ती १३० अंशांच्या पुढे जाते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे दाबून भरल्याचा फायदा अर्धा तिथेच जातो. म्हणून टर्बो आणि इंजिनाच्या मध्ये इंटरकूलर बसवतात. रेडिएटरसारखीच जाळी, फक्त आतून पाण्याऐवजी हवा जाते. तो नीट चालला तर हवा ५० अंशांच्या आसपास आणून सोडतो.

नाही चालला तर काय? सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची वाट न बघता कोपऱ्यात आपोआप पेटतं. गॅरेजात याला नॉकिंग म्हणतात : पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. ते फार वेळ चाललं तर पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात, रिंगांच्या मधली पट्टी तुटते. हल्लीच्या इंजिनाला नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो. तो ठिणगी उशिरा टाकायला लावतो, इंजिन वाचतं, पण ताकद उतरते.

मग जुनंच इंजिन वाढवायचं सोडून नवं कशाला?

आजवर टर्बो इंजिन थंड ठेवायची एक सोपी युक्ती होती. पूर्ण जोरात असताना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओतायचं. निखाऱ्यावर पाण्याचा हबका मारावा तसं ते जादा पेट्रोल धुराची उष्णता शोषतं आणि टर्बो वितळण्यापासून वाचतो. पण ते पेट्रोल अर्धवट जळून विषारी कार्बन मोनॉक्साइड बनून बाहेर पडतं. प्रदूषणाचे नियम ही वाट बंद करत चालले आहेत. युरोपचा ‘युरो ७’ हा पुढचा नियम नव्या मॉडेलच्या मोटारींना नोव्हेंबर २०२६ पासून लागू होतो.

हबका मारायचा नाही आणि ताकदही कमी करायची नाही, तर हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातल्या, पाण्याच्या वाटा, धुराची नळी, टर्बोचा धातू, पेट्रोलचा फवारा, सगळं नव्याने आखावं लागतं. जुन्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरांच्या ओतीव ढाच्याला, ठिगळ लावून ते होत नाही. या अफवेमागचं सर्वांत भक्कम कारण हेच, आणि चर्चेत ते सर्वांत कमी येतं.

कोकणात तेच इंजिन चारशे देईल का?

कंपनीचा आकडा ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या हवेत मोजलेला असतो. आपली हवा वेगळी. १५ अंशांच्या कोरड्या सकाळच्या तुलनेत ३२ अंशांची हवा साडेपाच टक्के विरळ असते. त्यात मे महिन्याची आर्द्रता. हवेत जेवढी वाफ, तेवढी प्राणवायूला जागा कमी. घामट दुपारी ही घट साडेतीन टक्क्यांच्या घरात जाते. दोन्ही मिळून नऊ टक्के. आंबोलीला, सुमारे ७०० मीटरवर, हवेचा दाब आणखी सात-आठ टक्के कमी. साध्या इंजिनाला हे सगळं सोसावं लागतं. टर्बो मात्र थोडा जास्त फिरून बरीच भरपाई करतो, म्हणूनच घाटात छोटी टर्बो गाडी मोठ्या साध्या गाडीला मागे टाकते. पण जास्त फिरला की हवा जास्त तापते, आणि गोष्ट पुन्हा इंटरकूलरवर येते.

दुसरा मुद्दा पेट्रोलचा. नॉकिंगला दाद न देण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. जपानमधलं भारी पेट्रोल साधारण १०० ऑक्टेनचं असतं. आपल्याकडचं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल ९५च्या घरात, आणि १०० ऑक्टेनचं मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर. शंभरसाठी जुळवलेलं इंजिन पंच्याण्णववर ठिणगी मागे घेणार, म्हणजे पूर्ण आकडा मिळणार नाही. यात इथेनॉलला सरसकट शिव्या घालणं बरोबर नाही. ते सिलिंडरमध्ये वाफ होताना हवा गार करतं, टर्बो इंजिनाला हे हवंच असतं. पण त्याच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. मायलेज तेवढं उतरणार, हे मान्य करूनच हिशेब करावा.

इंजिन मागे नेऊन काय मिळतं?

कावडीने पाणी आणणारा माणूस आठवा. दोन हंडे लांब टोकांना असताना गर्रकन वळायला गेला की कावडच त्याला ओढून नेते. तेच हंडे अंगाजवळ घेतले की जागच्या जागी वळता येतं. गाडीतला सर्वांत जड हंडा म्हणजे इंजिन. ते पुढच्या नाकातून काढून दोन चाकांच्या जोड्यांच्या मध्ये, सीटच्या मागे ठेवलं की गाडी वळणात पटकन तोंड फिरवते. १९८४ ते २००७ या काळात विकली गेलेली टोयोटाची एमआर२ याच मांडणीसाठी ओळखली जायची. इंजिनाची उंची आणि आकार कमी करण्याची धडपड इथेही उपयोगी, कारण सीटच्या मागे ठेंगणं इंजिनच मावतं.

किंमत मोजावी लागते ती हवेची. पुढच्या जाळीतून येणारा वारा इंजिनापर्यंत पोचत नाही, बाजूच्या कल्ल्यांमधून तो आत वळवावा लागतो. मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीच्या गर्दीत तासन् तास रांगताना वारा नसतोच. तेव्हा सगळी भिस्त पंख्यांवर.

‘पण चारच सिलिंडर? स्पोर्ट्स कारला सहा-आठ नकोत?’

आवाजाचा मुद्दा खरा आहे, सहा सिलिंडरचा सूर चारमधून येत नाही. पण लांबी, वजन आणि सीटमागची जागा बघता लहान गाडीत चारच शहाणपणाचे.

‘एवढं पिळलं तर टिकेल का?’

दणकट पिस्टन, पिस्टनच्या पोटावर तेलाची पिचकारी, पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारा भक्कम कनेक्टिंग रॉड हे सगळं पहिल्यापासून आखलेलं असेल तर टिकतं. मोडतं ते गाडीच्या संगणकात बाजारातली चिप टाकून टर्बोचा दाब वाढवलेलं साधं इंजिन. त्यात हवा वाढते, पण पिस्टन, गॅस्केट आणि कूलंट जुनेच राहतात. आधी हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, जातं, मग पाणी तेलात मिसळतं, आणि तेलाच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा थर दिसायला लागतो.

‘कोकणात ही गाडी येणार तरी आहे का?’

परदेशातून अख्खी बनून आलेल्या गाडीवर ७० टक्के किंवा त्याहून जास्त सीमाशुल्क, त्यावर ४० टक्के जीएसटी. त्यामुळे आली तरी फार थोडी येईल. पण छोटं इंजिन आणि टर्बो हे समीकरण आपल्या दारात केव्हाच आलंय, एक ते दीड लिटरच्या रोजच्या गाड्यांमध्ये. वर सांगितलेली सगळी उष्णता, दाब आणि तेलाचा पातळ थर त्यांच्यातही आहे, म्हणून पुढचं त्या मालकांसाठी.

घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका. लाल तापलेल्या टर्बोतलं तेल थांबतं आणि तिथेच करपून दांड्याला कोळसा धरतो. शेवटचा एक-दीड किलोमीटर सावकाश चालवा, मग मिनिटभर इंजिन चालू ठेवून बंद करा.

चढावर वरच्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमवर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून रेटू नका. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात अशा वेळी ठिणगीच्या खूप आधी मिश्रण पेटू शकतं आणि एका ठोक्यात पिस्टन फुटू शकतो. गिअर उतरवा. तेलाच्या डब्यावर ‘एपीआय एसपी’ लिहिलंय का बघा, ही प्रत याच त्रासाचा विचार करून ठरवलेली आहे.

चिऱ्याच्या खाणीजवळून किंवा लाल मातीच्या रस्त्याने रोजचं जाणं असेल तर पुस्तिकेतला एअर फिल्टरचा अवधी निम्मा धरा. फिल्टर चोंदला की टर्बोला तेवढ्याच हवेसाठी जास्त फिरावं लागतं. समुद्रकिनारी गाडी उभी राहत असेल तर इंटरकूलरची जाळी महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. जोराच्या फवाऱ्याने अ‍ॅल्युमिनिअमचे पापुद्रे आडवे पडतात आणि वारा अडतो.

आणि पाणी. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी गेलं आणि पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बऱ्याच टर्बो गाड्यांमध्ये इंटरकूलर आणि त्याचे होस पाइप बंपरच्या मागे, खाली असतात. त्यांचा एखादा क्लॅम्प सैल असला तर पाणी तिथूनच शिरतं. चाकाच्या मध्याच्या वर पाणी लागलं असेल तर ‘चालू होते का बघू’ म्हणून एकदाही स्टार्टर मारू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी ओढून न्या. मेकॅनिकला आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडर रिकामे करायला सांगा, मग इंटरकूलर उतरवून त्यातलं पाणी ओतायला. इंटरकूलरच्या तळाशी साठलेलं पाणी तसंच राहिलं तर वाळलेलं इंजिनही पहिल्याच जोराला ते ओढून घेतं.